घसारा

मगदूमसाहेब चपला दाराबाहेर काढून आले,
हातात काडेपेटीएवढं यंत्र.
लाल ठिपका भिंतीवर टेकला की आकडा उगवतो:
हॉल, सोळा फूट दोन इंच.
एवढाच?
भांडताना तर या टोकाचं
त्या टोकाला ऐकू जायचं नाही.

वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं,
घर तुम्ही ठेवणार, अर्धे पैसे त्यांना देणार,
म्हणजे आकडा जितका खाली तितकं तुमचं भलं.
कौतुक करत बसू नका.

मग मी सुरू केलं.
न्हाणीघराच्या कोपऱ्यात ओल आहे बघा,
गच्चीचा उतार मुळातच चुकलाय,
मधल्या खोलीची फरशी ठोका, पोकळ वाजते.
दर दिवाळीला गुडघ्यांवर बसून
जी एकेक फरशी पुसली
तिच्याच चुगल्या परक्या माणसाला सांगत होते,
आणि खोटं कशाला बोलू,
जिभेला चव येत होती.

"पाण्याचं काय?" त्यांनीच विचारलं.
रमणमळ्यात हे विचारावंच लागतं.
मी जिन्यापाशी नेलं.
खिळ्यानं ओढलेली रेघ, जमिनीपासून पाच फूट सात इंच,
शेजारी ऑगस्ट एकोणीस.
पाणी उतरल्यावर अभिनंदननं ओढली होती,
मला भिंतीला टेकवून उभं केलं,
डोक्यावर हात आडवा धरला आणि म्हणाला,
चार बोटं बुडाली असतीस.

हे मी सांगितलं नाही.
म्हटलं, पूररेषेत आहे, लिहा.
त्यांनी लिहिलं. रेघेचे बारा टक्के वजा.

वळणावर ते थांबले.
"हे ओरखडे कसले?"
"म्हैस."
"म्हैस?"
शेजारच्या खाडेमामांची. पुरात तीन रात्री
आमच्या जिन्याच्या वळणावर मुक्काम.
पुढून अभिनंदन दावं ओढतोय, मागून मी रेटतेय,
दोघं एकमेकांच्या नावानं शंख करतोय
आणि ती बया मधल्याच पायरीवर बसली.
खाली सोफा तरंगत होता
आणि आम्ही पोट धरून हसत होतो.
पहाटे मामांनी तिथंच धार काढली,
फेसाचं कोमट दूध, एकच तांब्या, आळीपाळीनं.

मगदूमसाहेबांनी लिहिलं: किरकोळ झीज.

त्याच्या बाजूचा माणूस गुरुवारी आला,
सोबत अभिनंदन. मी स्वयंपाकघरात.
"सकाळचा उजेड बघा की कसला येतोय.
चौकटी सागवानी.
ही कपाटं हिनं सुताराच्या उशाला उभं राहून
करून घेतल्यात, एक इंच वाया नाही."

सतरा वर्षांत या घराबद्दल
तो इतकं कधी बोलला नव्हता.
मी गॅस बारीक केला, पुढचं ऐकू यावं म्हणून.

"पूर?"
"आलतं पाणी एकदा. फार नाही."

फार नाही.

त्याचा आकडा अठ्ठ्याण्णव लाख,
माझा एकाहत्तर.
मधले सत्तावीस लाख
इतके दिवस कुठल्या खोलीत होते
कुणास ठाऊक. मी रोज झाडत होते.

कोर्टात वकिलांना दहा मिनिटं पुरली.
साडेचौऱ्याऐंशी. मान्य?
"हो," आम्ही एकदमच म्हणालो,
बऱ्याच वर्षांनी एकदम,
आणि दोघंही समोरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

बाहेर गाडी काढताना,
हेल्मेटचा पट्टा लावता लावता तो म्हणाला,
"जिना रंगवायला काढलास तर..."
आणि वाक्य तसंच ठेवून किक मारली.

गाडी लगेच सुरू झाली नाही.

"एवढ्यात नाही काढत," मी म्हटलं.